आर्किटेक्टसाठी डिझाइन-तंत्रज्ञानातलं मास्टर्स: अर्जाआधीच्या अठरा महिन्यांत काय आणि कुठल्या क्रमाने करावं

दिवाळी झाली की माझ्याकडे पोर्टफोलिओ यायला लागतात. कुणी ज्युनियर असतं, कुणी ज्युनियरचा मित्र. फाइल साठ पानांची, रेंडर सुंदर, आणि सोबत निरोप: 'पंधरा डिसेंबरची डेडलाइन आहे, जरा बघून सांगा ना.' मी विचारते, 'तिकडे जाऊन नेमकं काय शोधायचंय?' उत्तर बहुतेक वेळा येतं, 'कॉम्प्युटेशनल डिझाइनमध्ये इंटरेस्ट आहे.' तोवर वेळ संपलेली असते. बुद्धी आणि मेहनत दोन्ही असतात, पण क्रम उलटा लागलेला असतो. आधी विद्यापीठांची यादी, मग परीक्षा, मग पोर्टफोलिओ, आणि प्रश्न सगळ्यात शेवटी, एसओपी (काय आणि का शिकायचंय हे सांगणारं अर्जातलं निवेदन) लिहायला बसल्यावर.

बी.आर्क. झालेल्या किंवा शेवटच्या वर्षात असलेल्या ज्यांना संगणकीय डिझाइन, डिजिटल फॅब्रिकेशन (संगणकातल्या फाइलवरून यंत्राने वस्तू घडवणं), इमारतींचं ऊर्जा-तंत्रज्ञान किंवा इंटरॅक्शन डिझाइनकडे वळायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. नगररचना किंवा संवर्धनाकडे जाणाऱ्यांची वाट वेगळी आहे. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होणारा अभ्यासक्रम धरला आहे. त्याचे अर्ज साधारण आदल्या डिसेंबर-जानेवारीत बंद होतात आणि तयारी त्याच्याही अठरा महिने आधी सुरू करावी लागते.

## टप्पा १: आधी प्रश्न (अर्जाच्या १८ ते १५ महिने आधी)

'मला पॅरामेट्रिक (मापं आणि नियम बदलले की आपोआप बदलणारं डिझाइन) आवडतं' ही आवड झाली. प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर आज तुमच्याकडे नाही, पण कसं शोधायचं याचा थोडा अंदाज आहे. तो पुस्तकात शोधू नका. ट्रेनिंगमध्ये, साइटवर किंवा गावाकडे जे खटकलं त्यात शोधा. तीन नमुने देते.

विदर्भात पश्चिमेच्या बेडरूमची भिंत मे महिन्यात रात्री अकरालाही हाताला गरम लागते. भिंतीबाहेर किती खोल आणि किती अंतरावर उभ्या फिन (सावलीच्या पट्ट्या) दिल्या तर हे बदलेल, आणि तो खर्च एका साध्या फ्लॅटला झेपेल का?

ऑफिसात युडीसीपीआरचा, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीचा, हिशेब प्रत्येक वेळी एक्सेलमध्ये हाताने होतो आणि डिझाइन बदललं की पहिल्यापासून. रेषा ओढतानाच नियमाचा परिणाम दिसला, तर आर्किटेक्ट वेगळे निर्णय घेईल का?

कोकणात जांभ्याच्या चिरेखाणीवर कोपरे उडालेले, तुटके चिरे बाजूला पडून राहतात. प्रत्येक तुकड्याचा आकार फोटोंवरून मोजला आणि कुठला तुकडा कुठे बसेल हे प्रोग्रामने ठरवलं, तर निदान गडगा, म्हणजे कुंपणाची बुटकी भिंत, त्यातून रचता येईल का?

तिघांची दिशा वेगळी आहे. पहिला इमारत-भौतिकीकडे नेतो, दुसरा इंटरॅक्शन आणि सॉफ्टवेअरकडे, तिसरा फॅब्रिकेशनकडे. म्हणजे प्रश्न ठरला की अर्धी यादी आपोआप गळते. तिसरा प्रश्न आपण उदाहरण म्हणून शेवटपर्यंत धरू.

एका पानावर चार गोष्टी लिहा: काय खटकलं, त्याचा त्रास कुणाला होतो, मी काय मोजणार, आणि त्यासाठी मला काय येत नाही. चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. तीच पुढे 'मला हा अभ्यासक्रम का हवा' याचं खरं उत्तर होते.

तपासून पाहा: हे पान आर्किटेक्चरशी संबंध नसलेल्या घरच्या माणसाला वाचून दाखवा. त्यांनी उलट प्रश्न विचारला तर प्रश्न जिवंत आहे. 'छान आहे' म्हणून विषय संपला, तर पुन्हा लिहा.

## टप्पा २: वाटा वेगळ्या करा आणि यादी बनवा (१५ ते १३ महिने आधी)

'डिझाइन आणि तंत्रज्ञान' या एका नावाखाली निदान चार वेगळी शिक्षणं आहेत, आणि त्यांची सरमिसळ ही मला दिसणारी सगळ्यात महाग चूक आहे.

१. संगणकीय डिझाइन आणि फॅब्रिकेशन. श्टुटगार्ट विद्यापीठाचा 'आयटेक', ईटीएच झुरिकचा आर्किटेक्चर आणि डिजिटल फॅब्रिकेशनमधला एमएएस, एमआयटीतल्या 'एसएमआर्कएस' या संशोधन-पदवीची कॉम्प्युटेशन शाखा, कार्नेगी मेलनचा कॉम्प्युटेशनल डिझाइनमधला एमएस, बार्सिलोनाची 'आयएएसी'. यांतही फरक आहे. श्टुटगार्टला रोबॉट आणि प्रत्यक्ष बांधलेलं पॅव्हेलियन मध्यभागी असतं, तर एमआयटीत प्रश्न अधिक सैद्धांतिक असू शकतो.

२. इमारत-तंत्रज्ञान आणि ऊर्जा. टीयू डेल्फ्टचा बिल्डिंग टेक्नॉलॉजी ट्रॅक, आणि आपल्याकडे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातला बिल्डिंग एनर्जी परफॉर्मन्समधला एम.टेक.

३. उत्पादन आणि इंटरॅक्शन डिझाइन. आयआयटी मुंबईचं आयडीसी, एनआयडी. इथे इमारत मागे पडते, माणूस आणि वस्तू पुढे येतात.

४. डिझाइन आणि अभियांत्रिकीची जोड. हार्वर्डचा डिझाइन इंजिनिअरिंगमधला मास्टर्स, लंडनच्या इम्पीरियल आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्टचा संयुक्त इनोव्हेशन डिझाइन इंजिनिअरिंग. इथे गटात काम करण्याची क्षमता फार बघतात.

यादी बनवताना क्रमवारीचे तक्ते उघडू नका. 'क्युमिनकॅड' या ऑनलाइन संग्रहात जा. संगणकीय आर्किटेक्चरच्या अकादिया, इकाडे, काड्रिया या परिषदांचे शोधनिबंध तिथे आहेत. तुमच्या प्रश्नातले शब्द टाका. गडग्याच्या प्रश्नासाठी अनियमित दगड, टाकाऊ साहित्य, थ्रीडी स्कॅनिंग असे शब्द. दहा निबंध वाचा, मग ते लिहिणारे कुठे शिकवतात ते बघा. हीच तुमची पहिली यादी. नंतर त्या विभागांच्या गेल्या तीन वर्षांच्या प्रबंधांचे विषय वाचा. तुमच्या प्रश्नाचा शेजारी तिथे सापडला नाही, तर नाव कितीही मोठं असो, ते यादीतून काढा. शेवटी पाच-सहा पुरेत. पंधरा ठिकाणी अर्ज करणाऱ्याच्या पंधराही एसओपी सारख्याच दिसतात.

इशारा: पदवीचं नाव नीट वाचा. अमेरिकेत परवानाधारक आर्किटेक्ट व्हायचं असेल तर साधारणपणे 'नाब'ची (तिथलं आर्किटेक्चरच्या पदव्यांना मान्यता देणारं मंडळ) मान्यता असलेली पदवी लागते. एसएमआर्कएस किंवा त्यासारखी संशोधनाची पदवी तो दरवाजा उघडत नाही. भारतातली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी मात्र तुमच्या बी.आर्क.वर होते, या मास्टर्सने तिला धक्का लागत नाही.

आणखी एक: अमेरिकेत शिक्षणानंतर कामासाठी मिळणारी परवानगी, ओपीटी, सध्याच्या नियमांनुसार १२ महिन्यांची असते आणि 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) अभ्यासक्रमांना त्यावर २४ महिने मिळतात. हे अभ्यासक्रमाच्या सीआयपी कोडवर, म्हणजे सरकारी वर्गीकरणातल्या क्रमांकावर, ठरतं. ०४.०९०२, म्हणजे आर्किटेक्चरल अँड बिल्डिंग सायन्सेस, हा कोड स्टेममध्ये आहे. नेहमीच्या एम.आर्क.चा ०४.०२०१ त्यात नाही. एकाच इमारतीत शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन अभ्यासक्रमांचे कोड वेगळे असू शकतात. ऐकीव माहितीवर राहू नका, विभागाला ईमेल करून कोड लेखी मागा.

### देशातच शिकायचं असेल तर

आयडीसीसारख्या ठिकाणी एम.डेस.साठी (मास्टर ऑफ डिझाइन) 'सीड' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत. भाग 'अ' संगणकावर असतो आणि तो चाळणीचा आहे. भाग 'ब' कागदावर हाताने: रेखाटन, कल्पकता, आकाराची आणि दृश्याची जाण, समस्या ओळखणं. अंतिम गुणांत 'ब'चं वजन ७५ टक्के आहे. आर्किटेक्ट मंडळी इथे परस्पेक्टिव्ह फार नेटका काढतात आणि माणसं काठीसारखी. सहा महिने रोज एक पान माणसांचं काढा: भाजी निवडणारी बाई, एसटीत डुलकी घेणारा प्रवासी, पंक्चर काढणारा हात.

दोन गैरसमज पुन्हा पुन्हा दिसतात. पहिला, गेटचा आर्किटेक्चर-प्लॅनिंगचा पेपर एम.डेस.साठी सगळीकडे चालेल हा. तो मुख्यतः एम.आर्क. आणि एम.प्लॅनची वाट आहे. दुसरा, सीडचा निकाल आला म्हणजे प्रवेश झाला. तसं होत नाही. प्रत्येक संस्थेत वेगळा अर्ज करावा लागतो आणि पुढे तिची स्वतःची चाचणी आणि मुलाखत असते. शिवाय सीडचा स्कोअर एकाच वर्षासाठी असतो. एनआयडीची 'डॅट' पूर्णपणे वेगळी परीक्षा आहे, प्रिलिम्स आणि मेन्ससह.

## टप्पा ३: पैशाचा हिशेब, यादी पक्की करण्याआधी

हा टप्पा लोक प्रवेशपत्र आल्यावर करतात, आणि मग घरात एप्रिल-मेमध्ये जो ताण येतो तो मी जवळून पाहिला आहे. ऑफर हातात, पैसे नाहीत आणि नकार कळवायला आठ दिवस. म्हणून हे आत्ताच.

प्रत्येक नावासमोर चार आकडे लिहा: पूर्ण कालावधीची फी, राहण्याचा खर्च, विमा-व्हिसा-विमान, आणि मॉडेल-साहित्याचा खर्च. शेवटचा आकडा कुणीच धरत नाही, पण फॅब्रिकेशनच्या अभ्यासक्रमात तो बोचतो.

फरक केवढा मोठा असतो ते बघा. श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आहे, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. अमेरिकेतल्या खाजगी विद्यापीठात एका वर्षाच्या फीचा आकडा याच्या कित्येक पट असतो. पण जर्मनीसाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाच्या खर्चाची रक्कम आधी भरून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली. म्हणजे फी कमी असली तरी एकरकमी पैसा हातात लागतो.

शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही. त्यापुढे बँक फ्लॅट, जमीन किंवा मुदत ठेव मागते. गावाकडची वडिलोपार्जित, सातबाऱ्यावर पाच नावं असलेली शेतजमीन बँकेला चालेल या भरवशावर राहू नका. बँकेच्या शाखेत आत्ताच जा, अर्जानंतर नाही.

मुंबईच्या जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आणि के. सी. महिंद्र ट्रस्टचं बिनव्याजी साहाय्य यांच्या तारखा विद्यापीठांच्या तारखांशी जुळत नाहीत, त्या वेगळ्या लिहून ठेवा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि इतर प्रवर्गांसाठीही स्वतंत्र योजना आहेत. यांत उत्पन्न, वय आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीच्या अटी असतात. यादी करताना क्रमवारी बघू नका म्हटलं, पण ही शिष्यवृत्ती हवी असेल तर इथे ती बघावीच लागेल. लहान, विशेष संस्था त्या क्रमवारीत बऱ्याचदा नसतात. जातवैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला जाहिरात येण्याआधी हातात असू द्या.

## टप्पा ४: पुरावा उभा करा (१३ ते ६ महिने आधी)

निवड समितीला तुमची आवड मोजता येत नाही, पण तुम्ही स्वतःहून केलेलं एक काम दिसतं. म्हणून एक छोटा प्रयोग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ऑफिस सांभाळून सहा महिने लागतात, त्याहून लवकर होईल असं धरू नका.

साधनं शिकण्याचा क्रम असा ठेवा: राईनो (थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर), त्यातलंच ग्रासहॉपर (नियम जोडून आकार घडवणारं साधन), मग पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, मग एक खरं यंत्र. राईनोची चाचणी आवृत्ती ९० दिवस पूर्ण चालते. ती सुट्टी असताना सुरू करा, ऑफिसात प्रोजेक्ट पेटलेलं असताना नाही. यंत्रासाठी कॉलेजचा लेझर कटर मिळाला तर उत्तम. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅबलॅब (डिजिटल यंत्रांची खुली कार्यशाळा) आहे, एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅबलॅबपैकी. तिथे जाऊन या. शेतकऱ्याच्या गरजेतून यंत्र कसं घडतं हे पाहिल्यावर तुमच्या प्रश्नाची भाषाही बदलेल.

आता गडग्याचं उदाहरण, साधनांची तोंडओळख झाल्यानंतरचे आठवडे धरून.

पहिला आठवडा: चिरेखाणीवरून हाताने उचलता येतील असे तीसेक तुटके चिरे आणा. प्रत्येकावर रंगाने क्रमांक घाला.

दुसरा-तिसरा: प्रत्येक चिऱ्याचे चहूबाजूंनी फोटो काढा आणि 'मेशरूम'सारख्या मोफत फोटोग्रॅमेट्री (फोटोंवरून आकार काढणाऱ्या) सॉफ्टवेअरमधून थ्रीडी मेश, म्हणजे पृष्ठभागाचं जाळीदार मॉडेल, बनवा. त्याला बरं ग्राफिक्स कार्ड लागतं, नसेल तर मित्राचा संगणक मागा.

तपासून पाहा: प्रत्येक फोटोत चिऱ्याशेजारी मोजपट्टी आहे ना? नुसत्या फोटोंवरून आकार मिळतो, माप मिळत नाही. पट्टी विसरलात तर तीसही चिरे पुन्हा.

चौथा ते दहावा: मेश हलके करून राईनोत आणा. रचनेचा सगळ्यात साधा नियम आधी लिहा, उदाहरणार्थ सारख्या उंचीचे तुकडे एका थरात. तो चालला की सांधे एकावर एक येऊ नयेत हा दुसरा. इथेच पायथन लागतं. लोक पहिल्याच दिवशी जेनेटिक अल्गोरिदम (असंख्य पर्याय करून त्यांतून आपोआप चांगला निवडत जाणारी पद्धत) जोडतात आणि उत्तर का आलं ते त्यांना सांगता येत नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न नेमका तोच येतो.

अकरावा-बारावा: भिंत रचा. दोनदा. एकदा प्रोग्रामच्या क्रमाने, एकदा त्याच चिऱ्यांतून गावातल्या गवंड्याला त्याच्या नजरेने रचायला सांगून. दोन्हींचा वेळ मोजा, फटी मोजा, राहिलेले तुकडे मोजा.

गवंडी जिंकला तर? बहुधा जिंकेलच, निदान वेळेत. ते तसंच लिहा. त्याने तुकडा हातात फिरवून कुठली बाजू खाली घेतली, हे तुमच्या प्रोग्रामला दिसलं नव्हतं. तुमचा पुढचा प्रश्न तिथे आहे. या एका ओळीला दहा रेंडरांपेक्षा जास्त वजन आहे असं मी मनापासून मानते.

प्रश्न उष्णतेचा असेल तर पद्धत तीच, साधन वेगळं: ग्रासहॉपरमध्ये हवामान-विश्लेषणाचं मोफत 'लेडीबग' प्लगइन, तुमच्या शहराची ईपीडब्ल्यू हवामान फाइल, आणि खऱ्या भिंतीवर एका साध्या सेन्सरने घेतलेल्या आठवड्याभराच्या नोंदी. लाल-निळा नकाशा आला म्हणजे उत्तर आलं असं नसतं. नकाशा आणि सेन्सर यांत फरक का पडला, ते शोधणं हा अभ्यास.

इशारा: या सहा महिन्यांत ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं गोळा करण्याचा मोह होईल. प्रयोगाला लागेल तेवढंच शिका. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाचा फोटो तारखेसह ठेवा, फाइलचं जुनं रूप पुसू नका. पुढच्या टप्प्याचं खरं भांडवल तेच आहे.

## टप्पा ५: पोर्टफोलिओ (६ ते २ महिने आधी)

आधी प्रत्येक विद्यापीठाची पानांची आणि फाइलच्या आकाराची मर्यादा एका कागदावर लिहा. सगळ्यात कडक मर्यादेसाठी मूळ पोर्टफोलिओ बनवा, बाकीच्यांसाठी पानं वाढवा. मोठ्यातून कापत गेलात तर कुठल्याच पानाचा सूर राहत नाही.

चार कामं पुरतात.

पहिलं, टप्पा ४ मधला प्रयोग. सुरुवातीलाच. लोक तो 'छोटा आहे' म्हणून शेवटी टाकतात.

दुसरं, थीसिस, पण पुन्हा संपादित. ज्युरीसाठी केलेल्या शीट जशाच्या तशा टाकू नका. साइट ॲनालिसिस, इंटरनेटवरच्या केस स्टडीज, क्षेत्रफळाचे तक्ते, हे सगळं काढा. त्या थीसिसमध्ये तुम्ही घेतलेला एक तांत्रिक निर्णय शोधा, उदाहरणार्थ छताचा गाळा किंवा जाळीची रचना, आणि तेवढाच सहा पानांत उलगडा.

तिसरं, ऑफिसचं काम. यात आर्किटेक्ट स्वतःवर अन्याय करतात. वर्किंग ड्रॉइंग 'कंटाळवाणं' म्हणून वगळतात. फॅब्रिकेटरकडे उभं राहून सोडवलेला जिन्याच्या रेलिंगचा एक डिटेल, त्याचं आधीचं आणि नंतरचं ड्रॉइंग आणि साइटवरचा फोटो, हे तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाला फार जवळचं आहे. ऑफिसची परवानगी लेखी घ्या, क्लायंटचं नाव काढा, आणि तुमची भूमिका स्पष्ट लिहा: 'डिझाइन ऑफिसचं, डिटेल आणि साइट समन्वय माझा.' गटातल्या कामालाही हेच लागू.

चौथं, हाताचं काहीतरी. स्केच, सुतारकाम, वाद्य दुरुस्ती, काहीही, पण खरं असावं.

एका प्रकल्पाची मांडणी अशी ठेवा: प्रश्न एका वाक्यात, पद्धतीची आकृती, प्रयोगाचे टप्पे, निकाल, आणि काय फसलं. गडग्यासाठी माझी पानं अशी असतील: तीस चिऱ्यांची क्रमांकासह मांडणी एका पानावर; मेश आणि नियमाची आकृती दुसऱ्यावर; फसलेल्या तीन रचना तिसऱ्यावर; दोन भिंती शेजारी शेजारी चौथ्यावर, खाली मापं. बास.

मी पहिल्या वर्षी पाठवलेला पोर्टफोलिओ बावन्न पानांचा होता. पाचही ठिकाणांहून नकार आले. दुसऱ्या वर्षी त्यातली चाळीस पानं काढली, एका मातीच्या जाळीचे फसलेले साचे पहिल्या पानावर आणले, आणि दोन ठिकाणी निवड झाली. माझी हुशारी त्या वर्षात फारशी वाढली नव्हती, पण माझं काम काय हे वाचणाऱ्याला प्रथमच दिसलं.

तपासून पाहा: फाइल लॅपटॉपवर पूर्ण पान दिसेल अशी उघडा. मजकूर मोठा न करता वाचता येतो का? ए-थ्रीवर छान दिसणारी बारीक अक्षरं इथे मुंग्यांसारखी दिसतात. मग एका अनोळखी आर्किटेक्टला दोन मिनिटं बघायला द्या, फाइल बंद करा आणि विचारा, 'मी काय केलं?' उत्तरात सॉफ्टवेअरचं नाव आलं आणि प्रश्न आला नाही, तर मांडणी चुकली.

## टप्पा ६: कागदपत्रं (९ महिने आधीपासून, बाकीच्या कामांच्या समांतर)

सगळ्यात आधी नाव. आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव आणि कधी कधी शेवटी आईचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर तिसरंच. अर्ज, परीक्षा आणि ट्रान्सक्रिप्ट सगळीकडे पासपोर्टप्रमाणे नाव वापरा, आणि फरकासाठी एक प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून मिळायला आठवडे लागतात, परीक्षेच्या हंगामात अधिकच. दहाही सेमिस्टरच्या गुणपत्रिका जमवा. केटी लागली असेल तर दोन्ही गुणपत्रिका लागतात, नापासची आणि सुटल्याची. केटी लपवू नका. एखाद्या सेमिस्टरचं कारण असेल तर एसओपीत एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. गुणांचं चारच्या श्रेणीत रूपांतर स्वतः करू नका. अर्जात विचारलं नसेल तर टक्के किंवा सीजीपीए आहे तसाच लिहा.

जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं) लागतं, १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते सक्तीचं आहे. शेवटच्या महिन्यात ते मिळेल ही आशा धरू नका.

आयईएलटीएस आणि टोफेलचा स्कोअर दोन वर्षं चालतो, जीआरईचा पाच. जीआरई तुमच्या यादीतल्या किती ठिकाणी खरंच मागतात ते बघून मगच फी भरा.

## टप्पा ७: शिफारसपत्रं आणि एसओपी (३ ते १ महिना आधी)

बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रं लागतात. थीसिस गाइड, ऑफिसचे प्रमुख, आणि तिसरी व्यक्ती तुमच्या प्रयोगाला जवळून पाहिलेली: स्ट्रक्चरल इंजिनिअर, फॅबलॅबमधले मार्गदर्शक, कुणीही. प्राचार्यांनी तुम्हाला नावाने ओळखलं नसेल तर त्यांचं पत्र घेऊ नका. पदाने पत्र जड होत नाही.

'तूच लिहून आण, मी सही करतो,' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. तसं करू नका. ते अप्रामाणिक आहेच, शिवाय तिन्ही पत्रांची भाषा एकाच हाताची आहे हे वाचणाऱ्याला कळतं. त्याऐवजी सरांना एक पान द्या: मी तुमच्याकडे कधी, कुठलं काम केलं, कुठे चुकलो, तुम्ही काय सुचवलंत, मी काय बदललं. 'सर, तुमच्या शब्दांत चार ओळी लिहिल्यात तरी चालेल,' असं नम्रपणे सांगा. सहा आठवडे आधी विचारा, दोन आठवडे आधी आठवण द्या. लिंक त्यांच्या संस्थेच्या ईमेलवर मागतात का, आणि तो ईमेल सर उघडतात का, हेही आधी विचारा. किती अर्ज केवळ एवढ्यावर अडतात!

एसओपी लहानपणापासून सुरू करू नका. पहिलं वाक्य चिरेखाणीवर सुरू होऊ द्या. मग प्रयोग, त्यात काय कळलं नाही, ते शिकायला हाच विभाग का, आणि तिथल्या कुठल्या कामाशी तुमचं काम बोलतं. टप्पा १ मधली चौथी ओळ इथे कामी येते. 'जागतिक दर्जाचं' हे शब्द खोडा.

तपासून पाहा: एसओपीतलं विद्यापीठाचं नाव बदलून दुसरं घाला. मजकूर तरीही तसाच चालत असेल, तर तो अजून कुठल्याच विद्यापीठासाठी लिहिलेला नाही.

## टप्पा ८: अर्ज, निवड आणि निघणं

डेडलाइनची वेळ त्या देशाच्या घड्याळाप्रमाणे असते. तीन दिवस आधी पाठवा, मग अपलोड झालेली फाइल पुन्हा डाउनलोड करून शेवटच्या पानापर्यंत बघा.

निकाल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं आर्थिक मदतीसह दिलेल्या ऑफरला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात, तेव्हा मदत मिळाली असेल तर घाईत 'हो' म्हणू नका. मदत कमी असेल तर विभागाला सभ्य भाषेत, दुसऱ्या ऑफरचा आकडा देऊन विचारा. विचारल्याने ऑफर जात नाही. पण ज्या ठिकाणी जाणार नाही तिथे लगेच नकार कळवा. प्रतीक्षायादीत कुणीतरी तुमच्यासारखंच थांबलेलं असतं.

आय-२० (अमेरिकन विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो फॉर्म) आल्यावर तीन गोष्टी बघा: नाव पासपोर्टप्रमाणे, सीआयपी कोड लेखी कळवलेलाच, आणि निधीचा आकडा तुमच्या कागदांशी जुळणारा. चूक असेल तर व्हिसा मुलाखतीआधी दुरुस्त करून घ्या. सेव्हिसची, म्हणजे अमेरिकेच्या परदेशी-विद्यार्थी नोंद यंत्रणेची, ३५० डॉलर फी त्याच आय-२०च्या क्रमांकावर भरायची असते.

निघण्याआधी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदणीचं नूतनीकरण करा. तिथून परत आल्यावर थकलेली नोंदणी सुरू करण्यात उगाच वेळ जातो. प्रयोगाच्या सगळ्या मूळ फाइल, फोटो आणि कोड दोन हार्ड डिस्कवर घ्या, एक घरी ठेवा. आणि गवंड्याला दोन्ही भिंतींचे फोटो छापून द्या, त्याच्या मापांसह.